पिटुनिया नकोसा झालाय? मग आधी फुललेलं रोप विकत घेणं थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदिरानगरला रो-हाउस, फाटकाला लागून १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद वाफा, वर गच्चीत सात-आठ कुंड्या. दर दिवाळीला नर्सरीतून पिटुनियाची रोपं येतात, गल्लीत प्रत्येक दारापुढे तीच फुलं, आणि आता ती तुम्हाला बघवत नाहीत. घरच्यांचं म्हणणं, फुलतंय ना, मग तक्रार कसली? तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सगळ्यांना आवडणारं फूल आपल्याला नावडतं यात काही चुकतंय का, आणि त्याच्या जागी नाशिकच्या हवेत टिकेल असं वेगळं हंगामी फूल कोणतं लावावं.

नावडण्यात काहीच चुकत नाही. वाफा तुमचा आहे, आणि रोज सकाळी झारी घेऊन त्याच्यापुढे तुम्हालाच उभं राहायचंय. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी लगेच दहा नावं सांगणार नाही. ती नावं घेऊन तुम्ही नर्सरीत जाल, त्यातलं एकही तिथे नसेल आणि येताना पिशवीत पुन्हा पिटुनियाच असेल. मी लोकांच्या घरच्या बागा लावून देते, त्यासाठीची रोपंही स्वतःच करते, आणि हे असंच घडताना कितीतरी घरांत पाहिलंय. म्हणून आधी मूळ अडचण कुठे आहे ते बघू.

माझ्या मते तुम्हाला कंटाळा आलाय तो फुलाचा कमी आणि फुललेलं रोप विकत आणण्याचा जास्त. नर्सरीवाल्याच्या बाजूने विचार करून बघा. गिऱ्हाईक दिवाळीच्या सुमाराला येतं आणि पिशवीतल्या रोपावर फूल उमललेलं असेल तरच ते उचलतं. म्हणजे नर्सरीला असं रोप लागतं जे मूठभर मातीत, वीतभर उंचीवर, पेरल्यापासून दहा-बारा आठवड्यांत फुलेल, टेम्पोतून हलवलं तरी कोमेजणार नाही आणि शंभर रोपं एकसारखी दिसतील. संकरित पिटुनिया यात अगदी चपखल बसतो. उलट लार्कस्पर, पॉपी, नायजेला या थंडीतल्या फुलांचं पिशवीतलं रोप म्हणजे चार काटकुळी पानं. त्यांचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते एकदा दुखावलं की रोप बसतं ते धड उठत नाही, आणि फूल यायला जानेवारी उजाडतो. असं रोप कुणी विकत घेत नाही म्हणून कुणी तयार करत नाही, आणि कुणी करत नाही म्हणून तुम्हाला ते कधी दिसतच नाही. वेगळी फुलं हवी असतील तर बियाण्याचं पाकीट आणावं लागेल आणि दोन-अडीच महिने थांबावं लागेल. हे पटत असेल तरच पुढचं वाचा.

पिटुनियावर अन्यायही करायचा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या रानटी जातींच्या संकरातून आलेलं हे झाड उन्हाला चांगलं आहे. टांगत्या कुंडीत छोट्या फुलांचा वाण लावला तर तो भरभरून लोंबतो, आणि पांढऱ्या पिटुनियाला संध्याकाळी मंद, गोड वास असतो. पण आपल्याकडे विकले जातात ते बहुतेक मोठ्या फुलांचे वाण. जानेवारीअखेर त्यांच्या फांद्या लांबतात, फूल फक्त टोकाला उरतं, मधली काडी उघडी पडते. वेळच्या वेळी निम्म्याने छाटलं तर तो पुन्हा फुटतो, पण टोकाला फुलं असल्यामुळे कात्री लावायला कुणी धजावत नाही. पानं चिकट असल्याने रस्त्याची धूळ त्यावर बसून राहते. अवकाळीची एक सर आली की पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, आणि आपल्याकडे अवकाळी येतोच, द्राक्षवाल्यांना विचारा. शिवाय सगळा वाफा एकाच उंचीचा राहतो. वाऱ्यावर काही डुलत नाही, काही वर चढत नाही, बघण्यासारखी शेंग धरत नाही. डिसेंबरात जे दिसतं तेच फेब्रुवारीत दिसतं, फक्त थकलेलं. तुम्ही ‘बघवत नाही’ म्हणता त्याचं कारण मला यात दिसतं. म्हणून नवीन फूल निवडताना रंग शेवटी बघा. आधी बघा की ते झाड चार महिन्यांत काय काय करतं.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. वाफ्यावर ऊन किती तास येतं ही पहिली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे रो-हाउसच्या उत्तरेकडचा वाफा डिसेंबरात दिवसभर सावलीत जाऊ शकतो, मग मे महिन्यात तिथे कितीही ऊन असो. पाच तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मी खाली सांगतेय त्यातलं निम्मं जमणार नाही, तिथे सिनेरारिया किंवा सॅल्व्हिया बघावा लागेल. दुसरी गोष्ट, पाणी कोण घालतं. तुम्ही दोघंही नोकरीला जात असाल तर गच्चीतल्या लहान कुंड्या फेब्रुवारीअखेर दुपारीच माना टाकतील, म्हणून कुंड्या कमी आणि मोठ्या ठेवा. तिसरी, घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर आहे का. लार्कस्परचं बी आणि रोप दोन्ही विषारी आहेत, स्वीट पीचं बीही खाण्याचं नाही.

हवा मात्र तुमच्या बाजूने आहे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, थंडीच्या लाटेत त्याच्याही खाली जातो, आणि दिवसा लख्ख ऊन असतं. थंडीतल्या फुलांना नेमकं हेच लागतं. मुंबईच्या दमट, उबदार हिवाळ्यात लार्कस्पर रडतखडत येतो, आपल्याकडे तो कमरेपर्यंत जातो. फक्त ही खिडकी अरुंद आहे. ऑक्टोबरचा उकाडा ओसरण्याआधी पेरलं तर बी कुजतं किंवा रोप लांबुडकं होतं. डिसेंबरात पेरलं तर थंडीने उगवण रेंगाळते आणि फुलं यायच्या वेळेला मार्चचा तडाखा सुरू होतो. माझा ठोकताळा असा की कोजागिरी झाली, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटायला लागलं की थेट वाफ्यात पेरायचं, आणि दिवाळीच्या आठवड्यापर्यंत ते काम संपवायचं. फ्लॉक्स, अँटिरिनम (म्हणजे स्नॅपड्रॅगन) अशी जी रोपं हलवलेली चालतात, ती दसऱ्याच्या सुमाराला प्रोट्रेमध्ये, म्हणजे छोट्या खाचांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये करून घ्यायची. गिरणारे, पिंपळगाव भागात टोमॅटोची रोपं करतात तेच ट्रे, तेच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). थोडक्यात, इथवर पक्कं झालं ते एवढं: बियाणं आणायचं, ऊन मोजायचं आणि पेरणी कोजागिरी ते दिवाळी.

वाफ्याची माती बहुधा काळी असेल, किंवा बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम आणि वर थोडी काळी. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, आणि बारीक बी पेरून पाणी दिलं की वर कडक थर बसतो, कोंब तो फोडू शकत नाही. म्हणून दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून वाफा सहा इंच उंच करा, शेतात करतात तसा गादीवाफा. बी पेरल्यावर ते मातीने झाकू नका, चाळलेल्या गांडूळखताचा हलका थर पुरे. पहिले दहा दिवस झारीला बारीक छिद्रांचं तोंड लावूनच पाणी द्या. मुंग्या बी उचलून नेतात, विशेषतः बारीक बी. पेरल्या दिवशीच आजूबाजूची वारुळं बघून ठेवा. ट्रे असतील तर पाणी भरलेल्या ताटात वीट ठेवून त्यावर ट्रे ठेवा.

तुमच्या १२ फुटी वाफ्यात मी स्वतः काय लावीन ते सांगते. मागे, भिंतीच्या बाजूने लार्कस्पर, निळा किंवा जांभळा, एकाच रंगाचा. त्याचं बी उबदार मातीत रुसून बसतं, म्हणून पेरण्याआधी आठवडाभर पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पेरल्यावर याला मात्र गांडूळखताचा जरा जाड थर देऊन नीट झाकायचं, कारण त्याला उगवायला अंधार लागतो. सुरुवातीचे दीड महिने फक्त बारीक कातरलेली पानं दिसतील. घरचे विचारतील की हे गाजर आहे का, किंवा कोथिंबीर. जानेवारीत दांडा वर निघतो आणि मग आठवड्याला वीतभर वाढतो. तीन फुटांवर गेला की वाऱ्याने कलतो, म्हणून आधीच चार बांबूच्या काड्या रोवून आडवी सुतळी बांधून ठेवा.

मधल्या पट्ट्यात शर्ली पॉपी. माझं सगळ्यात आवडतं हंगामी फूल हेच, आणि वाफ्यात एकच नवीन प्रयोग करायचा असेल तर तो याचा करा. बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक, ते ओंजळभर कोरड्या वाळूत मिसळून फोकायचं, वर फक्त हात फिरवायचा. रोपं दोन इंचांची झाली की निर्दयपणे विरळणी करायची, दोन रोपांत वीतभर अंतर. विरळणी टाळली की सगळीच रोपं किडकिडीत राहतात. कळी येते ती मान खाली घालून, केसाळ, हिरवी. उमलायच्या आदल्या दिवशी तिचा देठ सरळ होतो. सकाळी उन्हं आली की दोन केसाळ दलं फुटून गळून पडतात आणि आतून पाकळ्या बाहेर येतात, पेटीत दाबून ठेवलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या. अर्ध्या-पाऊण तासात त्या ताणून गुळगुळीत होतात. फूल टिकतं जेमतेम दोन दिवस, पण रोज नवीन कळ्या मान वर करत असतात. हे बघायला तुम्ही चहा घेऊन बाहेर येऊन बसाल. पिटुनियापुढे कुणी असं बसत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. पॉपीचं बी म्हणून स्वयंपाकघरातली खसखस पेरू नका. खसखस येते ती अफूच्या झाडाची, आणि ते झाड परवान्याशिवाय लावणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शर्ली पॉपी ही वेगळी जात आहे. पाकिटावर तेच नाव आहे ना ते बघून घ्या.

पॉपीच्या अधूनमधून कॉर्नफ्लॉवर टाका. खरा निळा रंग हंगामी फुलांत फार थोड्यांना असतो, त्यातला हा एक, आणि तो शर्लीच्या लाल-गुलाबीजवळ खुलतो. बी मोठं असल्याने बोटाने टोकता येतं. पुढच्या कडेला, फाटकातून येणाऱ्याच्या पायाशी, लिनारिया आणि पांढरा अलिसम. लिनारियाची फुलं नखाएवढी, अँटिरिनमची छोटी बहीण शोभेल अशी, आणि दोन महिन्यांत येतात, त्यामुळे मागची मंडळी तयार होईपर्यंत घरच्यांना दाखवायला काहीतरी असतं. अलिसमला मधाचा वास येतो आणि मधमाश्या त्यावर दिवसभर असतात.

गच्चीतल्या कुंड्यांसाठी माझी पहिली निवड नॅस्टर्शियम. बी वाटाण्याएवढं, रात्रभर भिजवून एका बारा इंची कुंडीत तीन टोकायची. त्याला खत घालू नका. सुपीक मातीत नॅस्टर्शियम नुसती पानं वाढवतो आणि फुलं त्याखाली दडून राहतात, हलक्या मातीत मात्र फुलांनी भरतो. गोल पानांवर पाणी ठरत नाही, सकाळचं दव मधोमध एका थेंबात गोळा होतं. पानं आणि फुलं दोन्ही खाता येतात, चव तिखटसर. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी, ती पानं खुडून टाकली की पुरे. शेंड्यावर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाही हटला तर निंबोळी अर्क. खायचा विचार असेल तर दुसरं काही फवारू नका.

तुम्ही दोघं संध्याकाळी सातच्या पुढे घरी येत असाल तर निकोशियानाची एक मोठी कुंडी बसायच्या जागेजवळ हवीच. तंबाखूच्या कुळातली ही शोभेची जात, लांब नळीची पांढरी फुलं. जुन्या, उंच वाणाची फुलं दिवसा मिटलेली, मरगळलेली दिसतात. दिवस मावळला की उघडतात आणि गच्चीभर वास पसरतो. बुटके संकरित वाण दिवसभर उघडे राहतात, पण त्यांना वास जवळजवळ नसतो, म्हणून पाकीट घेताना उंची वाचा. बी अत्यंत बारीक आणि त्याला उजेड लागतो, अजिबात झाकायचं नाही. गच्चीत टोमॅटो-मिरची लावली असेल तर ही कुंडी त्यांच्यापासून लांब ठेवा, सगळी एकाच कुळातली असल्याने रोग-किडी एकमेकांकडे जातात. पिटुनियाही याच कुळातला आहे.

फ्लॉक्सबद्दल वेगळं सांगते, कारण तुमच्या घरच्यांशी तडजोड त्यातच होईल. हा मूळचा टेक्सासचा, त्यामुळे थंडी सरल्यावर मार्चचं ऊनही काही दिवस सोसतो, रंग भरपूर, आणि रोपं हलवलेली चालतात. अनेक नर्सऱ्यांत तो मिळतोही. वाफ्याच्या एका टोकाला दोन-तीन फूट जागा फ्लॉक्सच्या किंवा कॅलेंडुलाच्या तयार रोपांना द्या. दिवाळीनंतर लवकर रंग दिसेल, घरात कुणाची कुरकुर राहणार नाही आणि बाकीच्या वाफ्याला वाढायला वेळ मिळेल. फ्लॉक्सवर फेब्रुवारीत भुरी येते, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी. द्राक्षावरची भुरी उडून तुमच्या फुलांवर येत नाही, ती बुरशी वेगळी. रोपं दाटीने लावू नका आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला, एवढ्याने बराच फरक पडतो.

पहिल्या वर्षी काय टाळाल? स्वीट पी. मला तो अतिशय आवडतो, पण आपल्याकडे तो फुलायला लागतो आणि महिन्याभरात ऊन त्याला संपवतं, जाळी आणि मेहनत मात्र पूर्ण लागते. दुसरं, ‘मिक्स’ लिहिलेलं पाकीट. सगळे रंग एकत्र आले की तुमचा वाफा पुन्हा गल्लीतल्या वाफ्यांसारखाच दिसेल. एकेका जातीचा एकच रंग निवडा, वाफा लगेच शांत आणि ठसठशीत दिसतो. तिसरं, पावसाळ्यातला नारिंगी कॉसमॉस. तो सुंदर दिसतो हे खरं, पण रस्त्याकडेला आणि माळावर पसरून आपल्या रानफुलांची जागा घेतो. तुमचं कुणी त्र्यंबक रस्त्याला, डोंगराच्या कडेला राहत असेल तर त्यांना तो मुळीच देऊ नका. अंजनेरीच्या पठारावर जगात फारशी कुठे न मिळणारी कंदीलपुष्पाची जात आहे. असल्या जागांच्या आसपास बाहेरचं, स्वतःहून पसरणारं बी पोचता कामा नये. तिथली रानफुलं उपटून कुंडीत लावायचा मोहही नको, ती जगत नाहीत. कॉसमॉसची हौस असेल तर गुलाबी-पांढऱ्या फुलांची दुसरी जात ऑगस्टअखेर पेरा. तिला दिवस लहान झाले की फूल येतं. जूनमध्ये पेरलेली डोक्याएवढी वाढून आडवी पडते, ऑगस्टअखेरची गुडघ्या-कमरेपर्यंत राहून फुलते.

मार्चअखेर हा वाफा रिकामा होईल. उन्हाळ्यात गलांडा किंवा चिनी गुलाब पुरेत, जास्त धडपड करू नका. पावसाळा मात्र आपल्या हक्काचा हंगाम आहे आणि तिथे बाहेरून काही आणायची गरज नाही. जूनच्या पहिल्या सरींबरोबर तेरडा टोका. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण झाड महिना-दीड महिना फुलत राहतं, गौरीच्या वेळी घरची फुलं मिळतात, आणि पिकलेली शेंग बोटाने नुसती टेकली की ती फुटून गुंडाळी होते, बी चहूकडे उडतं. मुलं असतील तर वाफ्यापासून हलणार नाहीत. त्याच्या मागे कुरडू लावून बघा. शेताच्या बांधावर उगवतो तोच, ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. त्याचे गुलाबी-रुपेरी तुरे वाफ्यात इतके देखणे दिसतात की लोक नाव विचारतात. कोंबडा ही त्याच जातीची बागेतली रूपं. पावसाळ्यात गोगलगाई कोवळी रोपं रात्रीत फस्त करतात, तेव्हा टॉर्च घेऊन वेचणं याला पर्याय नाही.

बियाणं गणपतीनंतर लगेच घ्या, नवरात्रात चांगली पाकिटं संपलेली असतात. पाकिटावर पॅकिंगची आणि मुदतीची तारीख बघा, उन्हात टांगलेली पाकिटं घेऊ नका. शंका असेल तर पेरणीआधी पंधरवडाभर दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवा. सहाच्या खाली उगवल्या तर बी दाट पेरा, तीनच्या खाली उगवल्या तर दुसरं पाकीट आणा. आणि उत्तर द्याल तेव्हा वाफ्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि डिसेंबरात तिथे ऊन किती वाजता येऊन किती वाजता जातं ते लिहा. ते कळलं की कुठल्या ओळीत काय लावायचं ते मी नक्की सांगू शकेन.